मुंबई विमानतळावरून घारापुरी: दोन विमानांमधल्या एका दिवसाचा हिशेब

प्रश्न असा आहे. नागपूरहून सकाळी ७ वाजता मुंबईच्या टर्मिनल २ वर उतरायचं आहे आणि पुढचं देशांतर्गत विमान रात्री ९.३० ला तिथूनच आहे. सोबत ६८ वर्षांची आई, तिचे गुडघे दुखतात. एक मोठी बॅग. दिवस डिसेंबरातला गुरुवार. एवढ्या वेळात घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटावरची लेणी नीट पाहून परत येणं जमेल का, आणि जायचं कसं?

जमेल, आईंसकट जमेल. मी घारापुरीला अभ्याससहली नेते आणि विमानातून उतरून थेट येणारी मंडळी त्यात नेहमी असतात. त्यांची फजिती होते ती एकाच कारणाने. सगळे विचारतात, गेटवे ऑफ इंडिया, जिथून बेटाच्या लाँच सुटतात, ते किती किलोमीटर आहे? रस्त्याने ते २५ ते ३० किलोमीटर आहे, पुढे समुद्रातून १० ते ११. पण या प्रवासात किलोमीटरला फारसं महत्त्व नाही. इथे राज्य चालतं लाँचच्या वेळांचं. गेटवेवरून पहिली लाँच साधारण ९ ला सुटते, मग अर्ध्या-अर्ध्या तासाने, आणि दुपारी २ च्या सुमारास जाणाऱ्या लाँच बंद होतात. बेटावरून शेवटची परतीची लाँच साडेपाचच्या आसपास. त्यामुळे दिवसाची आखणी लाँचपासून मागे मोजत करायची, विमानापासून पुढे नाही.

मोजून दाखवते. उतरल्यापासून सामान घेऊन बाहेर पडायला एक तास धरा, गेटवेला पोहोचायला सवा तास, तिकीट आणि लाँच भरेपर्यंत थांबणं अर्धा तास, समुद्रात एक तास, धक्क्यापासून लेण्यापर्यंत अर्धा तास. लेण्यात दीड तास. त्याहून कमी वेळ द्यायचा असेल तर एवढी यातायात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग उतरणं आणि लाँचची वाट पाहणं अर्धा तास, परत समुद्र एक तास, विमानतळापर्यंत पावणेदोन तास, आणि देशांतर्गत विमानाआधी दोन तास. बेरीज अकरा तास होते. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर बारा. तुमच्याकडे साडेचौदा तास आहेत, म्हणजे घाई न करता सगळं होईल आणि वर दुपारचं निवांत जेवणही.

गुरुवार आहे हे फार बरं झालं. सोमवारी लेणी बंद असतात. दर वर्षी कितीतरी लोक सोमवारी गेटवेवर उभे राहून हळहळतात, कारण विमानाचं तिकीट काढताना ही गोष्ट कोणाच्या मनातच येत नाही. डिसेंबरही उत्तम. जून ते ऑगस्टमध्ये मात्र हा बेत आखू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, कधी सकाळी सुरू झालेली फेरी दुपारी थांबते, आणि पुढचं विमान गाठायचं असलेल्या माणसाने असा धोका पत्करायचा नसतो.

आता सामान. मोठी बॅग घेऊन बेटावर जायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. लाँचमध्ये चढताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि वर लेण्याकडे १२० पायऱ्या आहेत. तुमचं पुढचं विमान त्याच टर्मिनलवरून आहे, त्यामुळे बॅग विमानतळावरच पैसे भरून ठेवण्याच्या सोयीत सोडा आणि पावती फोनमध्ये टिपून घ्या. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर नागपूरलाच विचारा, बॅग थेट पुढच्या गावापर्यंत जात असेल तर हा प्रश्नच उरत नाही. सीएसएमटीच्या क्लोकरूमचा सल्ला बरेच जण देतात. तिथे रेल्वेचं तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग लागते, विमानाने आलेल्या माणसाला ती उपयोगाची नाही. गेटवेवरच्या एखाद्या टपरीवाल्याकडे बॅग सोडून जाणं तर अजिबात नको.

विमानतळ ते गेटवे या टप्प्याचं चित्र ऑक्टोबर २०२५ पासून पार बदललं आहे. मेट्रो ३, म्हणजे भुयारी अ‍ॅक्वा लाइन, तेव्हा कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आणि त्यात टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशी विमानतळाची दोन स्वतंत्र स्थानकं. सकाळी सहाच्या सुमारास गाड्या सुरू होतात. पूर्ण मार्गाचं कमाल भाडं ७० रुपये, तुमचं त्याच्या आतच बसेल. टर्मिनल २ च्या स्थानकातून कफ परेडकडे जाणारी गाडी धरा आणि हुतात्मा चौकाला उतरा. पाऊण तासाच्या आसपास लागतो, आणि मुंबईत विमानतळावरून निघालेल्या माणसाला पोहोचण्याची वेळ आधी सांगता येते, हे पूर्वी कधी शक्य नव्हतं. रस्त्यावर काय चाललंय याच्याशी तुमचा संबंधच राहत नाही. लिफ्ट आणि सरकते जिने असल्याने आईंनाही त्रास नाही. एक काळजी घ्या: भुयारात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, ऑनलाइन तिकीट काढायचं तर वर असतानाच काढा, नाहीतर खिडकीवर घ्या.

हुतात्मा चौकापासून गेटवे चालत वीसेक मिनिटं. महात्मा गांधी रोडने सरळ, काळा घोडा, डावीकडे जहांगीर आर्ट गॅलरी, मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रीगलचा चौक, आणि तिथून डावीकडे वळून समुद्र. सकाळी साडेआठच्या सुमाराला हा रस्ता सावलीचा आणि शांत असतो, मुंबईतला माझा सर्वांत आवडता पायी रस्ता हाच. पण आईंचे गुडघे पुढे पायऱ्यांसाठी राखायचे आहेत. तेव्हा चौकातून काळी-पिवळी करा, किमान भाड्याच्या आसपास काम होईल. जवळचं भाडं म्हणून एखादा नाही म्हणेल, दुसऱ्याला विचारा.

टॅक्सीनेच थेट जायचं असेल तर टर्मिनलच्या प्रीपेड काउंटरवरून घ्या किंवा अ‍ॅपवरून. ड्रायव्हरला बसतानाच सांगा: सी लिंक आणि कोस्टल रोडने. वांद्र्याहून सी लिंक, वरळीहून कोस्टल रोड, थेट मरीन ड्राइव्ह. सी लिंकचा टोल तुम्हाला भरावा लागतो, कोस्टल रोडला टोल नाही. दुसरा मार्ग सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने ईस्टर्न फ्रीवेवर, तो पी. डिमेलो रोडला उतरवतो आणि तिथून बॅलार्ड इस्टेटमार्गे गेटवे. पहाटे पाच-सहाला उतरणाऱ्यांना मी टॅक्सीच सांगते, पन्नास मिनिटांत पोहोचतात. आठनंतर निघणाऱ्याला नाही सांगत, कारण तेव्हा विमानतळाच्या दारातून हायवेला लागेपर्यंतच धीर सुटतो. रिक्षाचा विचारही करू नका, रिक्षाला माहीम-सायनच्या पलीकडे परवानगी नाही. आणि चर्चगेटची लोकल स्वस्त खरी, पण सकाळी साडेआठ ते साडेदहा आईंना घेऊन अंधेरीला चढणं हे मी कोणालाही सुचवणार नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर वरचं सगळं लागू. एनएमआय असेल तर तुम्ही उलव्याला, नवी मुंबई विमानतळावर उतरणार. तिथून मेट्रो नाही, टॅक्सीने अटल सेतू ओलांडून शिवडीला यायचं आणि फ्रीवेने गेटवे. गंमत अशी की अटल सेतूवरून घारापुरीचं बेट अगदी जवळ दिसतं, तरी तिथे जायला आधी मुंबईत येऊन मग समुद्रातून परत मागे जावं लागतं. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. न्हावा-मोरा बाजूने गावकऱ्यांच्या होड्या जातात, बेलापूरच्या जेट्टीवरूनही जलवाहतुकीचे प्रयत्न झाले आहेत, पण विमान गाठायचं असलेल्याने गेटवेच धरावं. तिथे एक लाँच चुकली तर अर्ध्या तासात दुसरी मिळते.

गेटवेवर सुरक्षा तपासणीची रांग असते, तीत दहा मिनिटं जातात. आत गेल्यावर ‘एलिफंटा, एलिफंटा’ ओरडत माणसं पुढे येतील. तिकीट खिडकीवरूनच घ्या. जाऊन-येऊनचं एकच तिकीट असतं, तीनशे रुपयांच्या आत, आणि ते परत येईपर्यंत जपायचं. परतताना कुठल्याही लाँचमध्ये बसता येतं, आलो त्याच लाँचची वाट पाहत बसू नका. जी नुसती हार्बरमध्ये फिरवून आणते ती लाँच वेगळी, ती बेटावर थांबत नाही. चढण्याआधी विचारून खात्री करा.

आता आईंसाठी सर्वांत महत्त्वाचं. अवघड जागा बेटावर नाही, ती गेटवेच्या धक्क्यावर आहे. ओहोटीला पाणी खाली गेलं की दगडी पायऱ्यांचा खालचा भाग शेवाळलेला असतो. शिवाय लाँच एकीला एक लावून उभ्या करतात, त्यामुळे कधीकधी एका लाँचमधून पाय टाकून दुसरीत जावं लागतं, आणि त्या दोन्ही हलत असतात. खलाशी हात देतात, त्यांचा हात मनगटाशी घट्ट धरायचा आणि ते म्हणतील तेव्हाच पाय उचलायचा. आईंना तळ नीट पकडणारी चप्पल किंवा बूट घालायला लावा. आदल्या रात्री त्या दिवसाची भरती-ओहोटी पाहून ठेवा. भरती असेल तर लाँच धक्क्याच्या उंचीला येते आणि चढणं सोपं होतं. अर्ध्या तासाचा फरक चालत असेल तर मी भरतीच्या बाजूची लाँच निवडते.

लाइफ जॅकेट घाला. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर प्रवासी लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली. तेव्हापासून जॅकेटची सक्ती आहे. डोक्यावर ऊन आहे, उकडतंय, म्हणून लोक ते काढून मांडीवर ठेवतात. तुम्ही ठेवू नका, आणि आईंच्या जॅकेटचे पट्टे स्वतः आवळा.

वरच्या डेकसाठी थोडे जास्त पैसे घेतात. तरुणांनी जरूर जावं, आईंना खाली मधोमध बसवा, तिथे हेलकावे कमी लागतात. जाताना डाव्या हाताला नौदलाची गोदी आणि युद्धनौका दिसतात, त्यांचे फोटो काढायचे नसतात. पुढे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, लोक ज्याला बुचर आयलंड म्हणतात ते. हा तास कंटाळवाणा समजू नका. लेण्यातल्या देवाकडे सहाव्या शतकातला माणूसही असाच पाण्यावरून आला होता. बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळे शिलालेख सन ६३४ चा. त्यात पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून पुरी नावाच्या नगरीचं वर्णन आहे, आणि ती पुरी म्हणजे हेच बेट असं काही अभ्यासकांचं मत आहे. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही बेटावरच्या तीन गावांची नावं आजही बंदरांचीच आहेत. तुम्ही उतरता ते शेतबंदरला.

धक्का लांबच लांब आहे. त्यावर छोटी आगगाडी चालते, आईंना तीत बसवा. पुढे ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, मग १२० पायऱ्या. पायऱ्या उंच नाहीत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्या असल्याने ऊन लागत नाही. तरीही गुडघे दुखत असतील तर खाली डोली मिळते. दर आधी ठरवा, आणि वर-खाली दोन्हींचा मिळून ठरवा. उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो, हे आईंना माहीतच असेल. लेण्याचं तिकीट वर, भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. माकडांपासून सावध राहा. हातात पिशवी किंवा रंगीत पेयाची बाटली दिसली की ती ओढून नेतात. खाणं बॅगेत, बॅग बंद. वाटेत गावातल्या बायका ताक, काकडी, मक्याची कणसं विकतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, बेटावरच्या घरांना या विक्रीचा मोठा आधार आहे. पाण्याखालून केबल टाकून इथे कायमची वीज आली तीही २०१८ मध्ये.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, ते पहिल्या क्रमांकाचं लेणं. साडेनऊच्या लाँचने आलात तर अकराच्या सुमारास आत असाल, आणि मोठी गर्दी येईपर्यंत थोडा निवांत वेळ मिळेल. बहुतेक माणसं आत शिरतात, समोरच्या त्रिमूर्तीपुढे फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. एवढं लांबून येऊन हे होताना बघून मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही असं करा. उत्तरेच्या दाराने आत आल्यावर खांबाच्या पायाशी दहा मिनिटं नुसते बसा, डोळे अंधाराला सरावू द्या. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त काळोख दिसतो, मग खांब वेगळे होतात, मग भिंतीतून हात, मुकुट, चेहरे हळूहळू बाहेर येतात. आईंना इथे बसायला आवडेल, आतली जमीन बरीचशी सपाट आहे.

दारातच दोन शिव आहेत. डाव्या हाताला योगीश्वर, स्थिर, डोळे आत वळवलेला; याच्यात पाशुपत या शैव पंथाचा आचार्य लकुलीश पाहतात. उजव्या हाताला नटराज, सगळं शरीर फिरणारं. एक थांबलेला, एक हलणारा. हे लेणं पाशुपत शैवांचं, सहाव्या शतकाच्या मध्याचं, कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळाशी जोडलं जाणारं. त्याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने सापडली आहेत. कोरणाऱ्याचं वा कोरवून घेणाऱ्याचं नाव कदाचित सांगू शकला असता असा शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो हरवला.

दारातली ही जोडी लक्षात ठेवली की पुढचं लेणं उलगडत जातं. पश्चिमेला जा. तिथे एका बाजूला कल्याणसुंदर, शिव-पार्वतीचा विवाह, पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी, मान किंचित झुकलेली. समोरच अंधकासुराचा वध, तोच शिव, दात दिसताहेत, कमरेखालचा भाग फोडलेला तरी वरच्या हातांतला आवेग तसाच. लग्न आणि संहार समोरासमोर. पूर्वेला सारीपाट खेळणारे शिव-पार्वती आणि कैलास हलवणारा रावण, इथेही तसंच: इकडे घरगुती रुसवा, तिकडे पर्वत मुळापासून हलतोय. मंडपाच्या पश्चिम भागात चार दारांचं गर्भगृह, दारादारांत माणसाहून मोठे द्वारपाल, आत लिंग.

आणि मग सगळ्यात शेवटी दक्षिणेच्या भिंतीकडे या. मधे सदाशिव, म्हणजे पाच मुखांचा शिव; लोक त्रिमूर्ती म्हणतात ती हीच मूर्ती, सुमारे वीस फूट उंच. डावीकडे अर्धनारीश्वर, नंदीवर रेललेला. उजवीकडे गंगाधर, वरून उतरणारी तीन मुखांची गंगा. सदाशिवाचे तीन चेहरे दिसतात: तुमच्या डाव्या हाताला मिशीचा, भुवया आवळलेला अघोर, हातात नाग, उजव्या हाताला वामदेव, कोवळा, हातात कमळ, आणि मधे तत्पुरुष, ज्याचे डोळे मिटलेले आहेत आणि जो या दोघांपैकी कोणाचीच बाजू घेत नाही. चौथा मागे आणि पाचवा वर, न कोरलेले. आतापर्यंत पाहिलेले सगळे शिव, थांबलेला आणि हलणारा, नवरदेव आणि संहारक, या एका मूर्तीत एकत्र येतात. म्हणूनच मी लोकांना आधी कडेने फिरवते आणि हिच्यापुढे शेवटी उभं करते. फ्लॅश वापरू नका, जवळ कठड्याला टेकून उभे राहू नका. आठ-दहा पावलं मागे, दोन खांबांच्या मधून पाहा. मागे सरकल्यावरच मधल्या चेहऱ्याची शांती कळते.

बाकीची लेणी उजव्या वाटेने पुढे आहेत, अपुरी आणि झिजलेली. तरुण असाल तर एक फेरी मारा, आईंसोबत सोडून दिली तरी चालतील. तोफांच्या टेकडीवर जाऊ नका, चढ आहे आणि तुमचा वेळ लेण्यात जास्त कामी येईल.

साडेबारा-पाऊणला खाली उतरायला लागा. सव्वाच्या सुमारास लाँच, सव्वादोन-अडीचपर्यंत गेटवे. फोर्टात जेवा. त्यानंतर दोन पर्याय आहेत. आई थकल्या असतील तर वस्तुसंग्रहालयात जा, आत बसायला जागा आहे, गारवा आहे. उत्साह असेल तर टॅक्सीने भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी जा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो राजबंदरजवळचा हत्ती तिथल्या बागेत उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलायला गेले, क्रेन तुटली, हत्ती फुटला, आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे जुळवून तो उभा केला गेला. बेट पाहून आलेल्या माणसाने तो पाहावाच.

विमानतळाकडे परतताना मात्र टॅक्सीचा मोह टाळा. संध्याकाळी पाच ते नऊ सगळं शहर उत्तरेला निघालेलं असतं. साडेपाचच्या आत हुतात्मा चौकातून किंवा भायखळ्याला गेला असाल तर टॅक्सीने जवळचं मेट्रो स्थानक गाठून मेट्रो धरा, सातपर्यंत टर्मिनल २ ला असाल, बॅग घ्यायला आणि आईंना चहा द्यायला भरपूर वेळ.

हेच उत्तर वाचणाऱ्या ज्या कोणाकडे अकरा तास नाहीत, किंवा जे सोमवारी उतरणार आहेत, त्यांनी घारापुरी पुढच्या खेपेला ठेवून जोगेश्वरीचं लेणं पाहावं. टर्मिनल २ पासून रिक्षाने जाता येतं, समुद्र नाही, लाँच नाही, पूजा चालू असल्याने सोमवारीही उघडं. तेही सहाव्या शतकातलं, पाशुपतांचंच, तसंच चार दारांचं गर्भगृह. शिल्पं फार झिजली आहेत आणि भोवती वस्ती दाटली आहे, पण लांबच लांब जिन्याने खाली उतरून त्या मंडपात आलं की घारापुरीच्या कारागिरांचं नातं ओळखू येतं. तीन तास मोकळे असतील तर एवढं नक्की होतं. जवळ टॉर्च ठेवा, चपला बाहेर काढायच्या आहेत, आणि पावसाळ्यात आत पाणी साचतं.